न उघडणारी व न बदलणारी छायाचित्रे

प्राथमिक शाळेच्या दप्तरात पूर्वी छायाचित्रास फारसे स्थान नव्हते. वर्षाअखेरीस तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार येई, मुलांना उंचीप्रमाणे ओळीने उभे करी, आणि काही दिवसांनी एक तसबीर कार्यालयाच्या भिंतीवर लागे. तेवढ्यावर भागत असे. आता नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या अर्जापासून शाळेतील वृक्षारोपणाच्या अहवालापर्यंत जागोजागी छायाचित्र लागते, आणि तेही कागदावरचे नव्हे, तर फाईलच्या रूपातले. ते ठरलेल्या प्रकारात व ठरलेल्या आकारमानात द्यावे लागते. म्हणजे फोनवर काढलेले छायाचित्र संगणकावर घेऊन कापणे, लहान करणे, उजळ करणे ही कामे ओघानेच शिक्षकाकडे येतात.

अडचण येते ती येथे. छायाचित्र फोनवर स्वच्छ दिसते, पेन ड्राइव्हवर उतरतेही. पण संगणकावर उघडावयास जावे तर प्रोग्रॅम नकार देतो. कधी ते उघडते, पण त्यावर एक रेघही मारता येत नाही. कधी रेघ मारता येते, पण केलेला बदल जतन होत नाही. अशा वेळी पडद्यावर जो मजकूर येतो तो बहुधा त्रोटक असतो, आणि त्याचा अर्थ शिक्षक सामान्यतः एकच घेतात : फाईल खराब झाली. मग ती काढून टाकली जाते. अर्जाची मुदत उद्या संपत असेल आणि मूल मामाच्या गावी गेलेले असेल, तर त्या एका समजुतीपायी त्याचा अर्ज राहून जातो.

वास्तविक अशा फाईलींपैकी पुष्कळशा मुळीच खराब झालेल्या नसतात. जुन्या दप्तराची ज्यांना माहिती आहे, त्यांस ही गोष्ट चटकन उमगेल. गावच्या जुन्या वाड्यात मोडीत लिहिलेल्या कागदांचा रुमाल सापडतो. बालबोधच वाचता येणाऱ्या माणसास त्यातील एक अक्षर लागत नाही. कागद मात्र शाबूत असतो, शाईही शाबूत असते. वाचणारा तेवढा नसतो. असे कितीतरी रुमाल ‘काही लागत नाही’ म्हणून बंबात गेले. संगणकावरील छायाचित्रांचे आज तेच होत आहे.

छायाचित्राची फाईल म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे इष्ट आहे. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे ठिपक्यांचे एक मोठे कोष्टक. आडवे ४,००० व उभे ३,००० ठिपके असले, तर एकूण १ कोटी २० लक्ष ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रमाण सांगणारे तीन आकडे लागतात. हे सर्व आकडे जसेच्या तसे लिहावयाचे म्हटले, तर एकेक छायाचित्र सुमारे ३६ एमबी जागा खाईल. म्हणून ते आकडे काही युक्तीने दाबून, घडी घालून ठेवावे लागतात. ही घडी घालण्याच्या रीती अनेक आहेत, आणि प्रत्येक रीत म्हणजे जणू एक स्वतंत्र लिपी आहे. जीआयएफ ही रीत १९८७ सालची. जेपेग ही १९९२ साली प्रमाणित झालेली व आज सर्वांत रूढ असलेली. पीएनजी १९९६ ची. गूगल कंपनीने पुढे आणलेली वेबपी २०१० ची. आयफोनवर २०१७ पासून रूढ झालेली हाइक ही ह्या मालिकेतील अलीकडची रीत असून शाळांतील बहुतेक गोंधळ तिच्यामुळेच होतो.

हाइक रीतीचा गुण असा की, त्याच दर्जाचे चित्र ती जेपेगच्या सुमारे निम्म्या जागेत बसविते. फोनची जागा वाचावी म्हणून ॲपल कंपनीने ती आपल्या फोनांत नेहमीची करून ठेवली. सॅमसंगच्या काही फोनांतही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तिची सोय आहे व एखाद्याने ती नकळत चालू केलेली असते. दोष असा की, शाळेतील जुन्या संगणकास ही लिपी येत नाही. विंडोजवर ती वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून वेगळी जोडणी घ्यावी लागते, आणि पुष्कळ संगणकांवर तिच्या एका भागास थोडे पैसेही पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावच्या शाळेस पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. निवृत्त झालेल्या वयोवृद्ध गुरुजींच्या घरी फार जुन्या तुकडीची एक तसबीर आहे. तिच्यात साठ मुले आहेत, आणि आज त्यांतील निम्मी हयात नाहीत. पुण्याहून सुटीस आलेला एक माजी विद्यार्थी आपल्या आयफोनवर त्या तसबिरीचे छायाचित्र घेतो आणि फाईल पेन ड्राइव्हवर शाळेत आणून देतो. शाळेच्या संगणकावर ती उघडत नाही. कोणीतरी सुचवितो, ‘नावाच्या शेवटी जेपीजी लिहा, म्हणजे झाले.’ तसे करूनही ती उघडत नाही. एवढ्यावरून ती बिघडल्याचा निर्णय होतो आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामासाठी पुसला जातो. माजी विद्यार्थ्याच्या फोनमधील प्रत तोवर जागेअभावी गेलेली असते. त्या पावसाळ्यात गुरुजींच्या घराची भिंत ओलावते आणि तसबिरीवर डाग धरतात. फाईल शेवटपर्यंत उत्तम स्थितीत होती, हे कोणासच कळत नाही.

ह्या उदाहरणात दोन चुका झाल्या. नावाच्या शेवटी टिंबानंतर जी तीनचार अक्षरे असतात, त्यांस एक्स्टेन्शन म्हणतात. ती अक्षरे म्हणजे रुमालावर लावलेली चिठ्ठी होय. चिठ्ठीवर ‘बालबोध’ असे लिहिले म्हणून आतील मोडी बालबोध होत नाही. त्याचप्रमाणे हाइक फाईलीस जेपीजी असे नाव दिल्याने तिची घडी बदलत नाही. उलट चिठ्ठीवर विश्वासून उघडणारा प्रोग्रॅम अधिकच फसतो. विंडोज ही अक्षरे मुळातच लपवून ठेवते, हा त्यातला आणखी एक घोटाळा. त्यामुळे ‘फोटो’ ह्या नावाची फाईल प्रत्यक्षात कोणत्या जातीची आहे हे दिसतच नाही. फोल्डरच्या ‘व्ह्यू’ ह्या यादीत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ असा पर्याय असतो. विंडोज ११ मध्ये तो ‘व्ह्यू’ खाली ‘शो’ येथे सापडतो. शाळेच्या संगणकावर तो कायमचा चालू करून ठेवावा.

दुसरी चूक अधिक मोठी. एकुलत्या एका प्रतीवर प्रयोग झाले. कोणत्याही छायाचित्रास हात लावण्यापूर्वी त्याची प्रत करावी, मूळ फाईल ‘मूळ’ अशा नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवावी, आणि जे काही करावयाचे ते प्रतीवर करावे. जनरल रजिस्टरात खाडाखोड करावयाची नाही हा नियम प्रत्येक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेला आहे. मूळ छायाचित्रास तोच नियम लावण्यात वेगळे असे काही नाही.

आता चिठ्ठीवर विसंबावयाचे नाही, तर फाईल कोणत्या लिपीत आहे हे कसे ओळखावे? प्रत्येक रीतीच्या फाईलीच्या अगदी आरंभी तिची खूण लिहिलेली असते, व ती पाहण्यास विंडोजमधील साधे नोटपॅड पुरते. फाईलीची प्रत करावी आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडेल. त्यास भिण्याचे कारण नाही. पहिली ओळ तेवढी पाहावी. तीत पी, एन, जी ही इंग्रजी अक्षरे आढळली, तर फाईल पीएनजी. जे, एफ, आय, एफ किंवा ‘एक्झिफ’ असा शब्द आढळला, तर ती बहुधा जेपेग. आर, आय, एफ, एफ आणि थोड्या अंतरावर डब्ल्यू, ई, बी, पी अशी अक्षरे असली, तर वेबपी. एफ, टी, वाय, पी व त्याला लागूनच एच, ई, आय, सी असे दिसले, तर हाइक. शेकड्याच्या चिन्हापुढे पी, डी, एफ अशी अक्षरे असली, तर ती फाईल छायाचित्राची नसून पीडीएफ कागदाची आहे. फोनवरील स्कॅन करणारे अनेक प्रोग्रॅम चित्र पीडीएफमध्येच ठेवतात, त्यामुळे असे वारंवार घडते. पाहून झाले की नोटपॅड जतन न करता बंद करावे. येथे चुकून ‘सेव्ह’ केले, तर चिन्हे मजकूर म्हणून नव्याने लिहिली जातात व ती प्रत खरोखरच निकामी होते. प्रतीवरच काम करण्याचा आग्रह कशासाठी, हे येथेही दिसून येईल.

नोटपॅडचा हा उद्योग ज्यांना किचकट वाटेल, त्यांच्यासाठी इर्फानव्ह्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम उपयोगी आहे. तो शाळेसारख्या बिनव्यापारी कामास विनामूल्य मिळतो. चिठ्ठी एक आणि आत दुसरेच असे आढळल्यास तो स्वतःच तसे सांगतो आणि खरे एक्स्टेन्शन लावण्याची परवानगी विचारतो. वेबपी चित्रास जेपीजी असे नाव लागलेले असणे, हा आंतरजालावरून उतरविलेल्या चित्रांत नित्याचा प्रकार आहे; त्याचा उलगडा येथे चटकन होतो.

लिपी कळली म्हणजे उपाय सोपा होतो. हाइक फाईल उघडण्यास जिम्प हा विनामूल्य प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्याच्या २.१० ह्या मालिकेतील २०१८ च्या एका आवृत्तीपासून त्याला ही लिपी वाचता येते. चित्र उघडावे, आणि ‘फाईल’ ह्या यादीतील ‘एक्सपोर्ट ॲज’ येथे जाऊन नावाच्या शेवटी जेपीजी असे लिहून निर्यात करावे. येथे नावाबरोबर घडीही बदलते, कारण प्रोग्रॅमने चित्र वाचलेले असते व ते तो नव्या लिपीत पुन्हा लिहितो. मोडी जाणणाऱ्याने कागद वाचून बालबोधात उतरून काढावा, तशातला हा प्रकार होय. आयफोन हाताशी असल्यास पुढील छायाचित्रांपुरता त्रास मुळातच टाळता येतो. सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, की फोन जेपेगमध्येच छायाचित्रे काढू लागतो. आधी काढलेली मात्र होती तशीच राहतात.

हाइकचे जेपेग करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि ती सोयीचीही वाटतात. परंतु त्यांवर चित्र चढविणे म्हणजे ते अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. डोंगराचे वा शेताचे चित्र असेल तर गोष्ट वेगळी; विद्यार्थ्यांची छायाचित्रे, आणि त्यातही नावानिशी असलेली, तेथे कदापि चढवू नयेत. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या केंद्रीय अधिनियमानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ज्या कामास संगणकावरचा एक विनामूल्य प्रोग्रॅम पुरतो, त्यासाठी मुलांचे चेहरे दाराबाहेर पाठविणे समर्थनीय नाही.

फाईल उघडते, पण तिच्यात बदल जतन होत नाही, ही तक्रार निराळ्या जातीची आहे. येथे लिपीचा प्रश्न नसतो, परवानगीचा असतो. फाईलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्यास ‘रीड ओन्ली’ असा एक चौकोन दिसतो. त्यात खूण असेल तर ती काढावी. कॅमेऱ्याच्या स्मृतिपत्राच्या, म्हणजे एसडी कार्डाच्या, डाव्या कडेस एक बारीक खुंटी असते. ती खाली सरकलेली असेल तर कार्डावर काहीही लिहिले जात नाही. खिशातून काढता घालता ती आपोआप सरकते, आणि शिक्षक तासभर प्रोग्रॅमला दोष देत बसतो. सीडीवरून थेट उघडलेले चित्रही तेथेच जतन होत नाही. ह्या सर्वांवर एकच सोपा उपाय आहे : चित्र संगणकाच्या ‘पिक्चर्स’ ह्या फोल्डरात उतरवून घ्यावे व तेथे त्यावर काम करावे.

झिप फाईलीचा प्रकार ह्याहून फसवा. केंद्रशाळेतून किंवा तालुक्याहून अनेक चित्रे एका झिपमध्ये बांधून येतात. विंडोज ती झिप साध्या फोल्डरासारखी उघडून दाखविते, म्हणून चित्रे बाहेरच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ती गाठोड्यातच असतात, व गाठोड्यात हात घालून बदललेली वस्तू तेथे जशी ठेवावी तशी राहत नाही. अर्धा दिवस खपून उजळ केलेली वीस छायाचित्रे झिपमधून थेट उघडल्यामुळे वाया जातात, हे टाळता येण्यासारखे आहे. झिपवर उजवी कळ दाबून आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावे.

खेड्यातील शाळांस विशेषत्वाने भोवणारी आणखी एक गोष्ट आहे. छायाचित्रे आता पुष्कळदा फोनमध्ये किंवा संगणकात नसतातच. ती दूरच्या साठ्यात असतात आणि येथे केवळ त्यांची लहानशी प्रतिमा दिसते. विंडोजच्या वनड्राइव्हमध्ये अशा फाईलीजवळ ढगाचे चिन्ह असते. जाळे असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. वीज गेली, टॉवर बंद पडला, की तीच फाईल उघडण्यास नकार देते. ती बिघडली असे नव्हे; ती गावात नाही, इतकेच. ज्या छायाचित्रांवर काम करावयाचे, ती जाळे असतानाच संगणकावर पूर्णपणे उतरवून घ्यावीत. त्या फाईलीवर उजवी कळ दाबली की ती ह्याच यंत्रावर कायम ठेवण्याचा पर्याय मिळतो.

नावाविषयी एक बारीकशी गोष्ट. काही जुन्या प्रोग्रॅमांना देवनागरीत नाव दिलेली फाईल उघडता येत नाही. दोष प्रोग्रॅमचाच आहे, मराठी नावाचा नव्हे. तरीही काम अडले असेल तेव्हा प्रतीस साधे रोमन नाव व आकडा देऊन पाहण्यास हरकत नसावी.

कधी कधी चित्र उघडते, जतनही होते, पण रंग भरावा तसा भरत नाही. यादीतील निम्मे पर्याय फिकट दिसतात आणि त्यांवर कळ दाबूनही काही घडत नाही. शाळेच्या बोधचिन्हाच्या बाबतीत हा अनुभव हमखास येतो, कारण बोधचिन्ह बहुधा जीआयएफ फाईलीत असते. जीआयएफमध्ये एका चित्रात २५६ हून अधिक रंग राहू शकत नाहीत. चित्राबरोबर रंगांची एक ठरलेली पेटी असते आणि त्या पेटीबाहेरचा रंग वापरता येत नाही. तांबडा मागावा तर जवळचा तपकिरी मिळतो. अशा वेळी जिम्पमध्ये ‘इमेज’ ह्या यादीत ‘मोड’ येथे जाऊन ‘आरजीबी’ निवडावे. पेटीचे बंधन सुटते व फिकट झालेले पर्याय पुन्हा जागे होतात. कृष्णधवल म्हणून जतन केलेल्या चित्रावर रंगीत अक्षरे उमटत नाहीत, त्याचेही कारण व उपाय हाच. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी ह्याशिवाय उजव्या बाजूच्या थरांच्या यादीत कुलपाचे चिन्ह आहे का ते पाहावे. तळचा थर तेथे मुळातच कुलूपबंद असतो. त्याची प्रत करून त्या प्रतीवर काम करावे.

आता खरोखर बिघडलेल्या फाईलींकडे वळावयास हरकत नाही. त्या ओळखण्याची पहिली खूण आकारमान ही होय. प्रॉपर्टीजमध्ये आकार शून्य दिसला, तर त्या फाईलीत चित्र नाहीच. केवळ नाव उतरले आहे. पेन ड्राइव्ह घाईने उपसून काढला म्हणजे असे होते. दुसरी खूण अर्धवट चित्राची. साधे जेपेग वरून खाली लिहिलेले असते. म्हणून नक्कल मध्येच तुटली, तर मुलांचे चेहरे दिसतात आणि कमरेखाली राखाडी पट्टा येतो. ह्या दोन्ही बाबतींत दुरुस्तीच्या खटपटीत वेळ न दवडता फोनमधील किंवा कार्डावरील मूळ फाईल पुन्हा उतरवून घ्यावी. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करण्याची सवय लावून घेतली, तर निम्मे अपघात टळतील.

मूळच पुसले गेले असेल, तरी लगेच आशा सोडू नये. कार्डावरून किंवा पेन ड्राइव्हवरून फाईल पुसली, म्हणजे बहुधा तिची नोंद तेवढी काढली जाते. चित्राचे आकडे त्यांच्या जागेवर नवीन काही लिहिले जाईपर्यंत तसेच राहतात. पटावरून नाव कमी झाले तरी मूल गावातच असते, तसे. म्हणून पुसल्याचे ध्यानात येताच ते कार्ड वा पेन ड्राइव्ह वापरणे तत्काळ थांबवावे, त्यावर नवे छायाचित्र घेऊ नये. फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्रॅम नोंदीची पर्वा न करता आरंभीच्या खुणांवरून चित्रे शोधून काढतो. वर नोटपॅडमध्ये पाहिल्या त्याच ह्या खुणा. सापडलेली चित्रे मात्र दुसऱ्या डिस्कवर ठेवावीत, त्याच कार्डावर ठेवल्यास उरलेली पुसली जातील. पंचाहत्तर वर्षांच्या शाळेच्या उदाहरणात पेन ड्राइव्ह पुसल्यावर तो तसाच बाजूला ठेवला असता, तर ती साठ मुले बहुधा परत मिळाली असती.

चित्र मिळाले, उघडले, जतन झाले; तरी ते कोणत्या वाटेने आले, ह्यास महत्त्व आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्र वाटेत लहान केले जाते. वर सांगितलेल्या तसबिरीचे गणित करून पाहावे. चित्र ४,००० ठिपके रुंद आहे व एका ओळीत वीस मुले आहेत. म्हणजे एका मुलाच्या वाट्यास २०० ठिपके आले, आणि त्यांतील चेहऱ्यास सुमारे ८०. हे चित्र वाटेत १,६०० ठिपक्यांवर आले, तर चेहऱ्यास ३२ ठिपके उरतात. तेवढ्यात नाक, डोळे बसतात, पण ओळख बसत नाही. आजोबा कोणते, हे नातवास सांगता येत नाही. म्हणून मूळ फाईल पाठवावयाची असेल, तेव्हा व्हॉट्सॲपमध्ये ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. तशी पाठविलेली फाईल जशीच्या तशी पोचते.

जेपेग वारंवार जतन करण्यानेही असाच तोटा होतो. ही रीत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारकावा थोडा सोडून देऊन जागा वाचविते. एकदा सोडलेला बारकावा परत येत नाही, आणि दर वेळी बदल करून जतन करताना आणखी थोडा सुटतो. आज कापले, उद्या उजळ केले, परवा नाव घातले, असे एकाच जेपेगवर चार दिवस चालू नये. काम पुरे होईपर्यंत ते जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ रीतीत किंवा पीएनजीमध्ये ठेवावे, आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच करावे.

ह्यातून एक उलटी अडचण उद्भवते, तीही सांगितली पाहिजे. जिम्पमध्ये ‘सेव्ह’ केले म्हणजे एक्ससीएफ फाईल तयार होते, जेपेग नव्हे. ती फाईल अर्जास जोडली की संकेतस्थळ ती नाकारते, आणि केंद्रशाळेत पाठविली तर तेथे ती उघडत नाही. मग तेथील मंडळी ‘तुमची फाईल खराब आहे’ असे कळवितात. पाठवावयाची प्रत नेहमी ‘एक्सपोर्ट’ करूनच काढावी. अर्जात केबीची मर्यादा दिलेली असल्यास आधी ‘इमेज’ यादीतील ‘स्केल इमेज’ने ठिपके कमी करावेत, आणि मग निर्यात करताना दर्जाची पट्टी थोडी खाली आणावी. केवळ पट्टी खाली ओढून मोठे चित्र मर्यादेत कोंबले, तर मुलाचा चेहरा चौकोनाचौकोनांचा होतो व तपासणाऱ्यास तो ओळखू येत नाही.

एवढे करूनही एखादी फाईल हाती लागत नसेल, तर तालुक्याच्या गावी किंवा केंद्रशाळेत ज्यांस ह्या कामाची माहिती आहे त्यांची मदत घ्यावी. त्यांच्याकडे पाठवावयाची ती मूळ फाईल, डॉक्युमेंट म्हणून, तिचे नाव न बदलता. नाव बदलून पाहिले असेल, तर पूर्वीचे नाव कळवावे. फाईल कोणत्या फोनवर काढली, कोणत्या वाटेने संगणकावर आली, आणि नकार देताना प्रोग्रॅमने पडद्यावर नेमके काय लिहिले, हे सोबत द्यावे. त्या मजकुराचे फोनवर छायाचित्र काढून जोडले म्हणजे लिहून घेण्याचेही श्रम वाचतात. उत्तर येईपर्यंत मूळ फाईल होती त्याच जागी राहू द्यावी.